पावसाळ्यापुरतं सस्पेंड

अहेरी, १२ जून १९८५

कमलाबाईस श्रावणचा जय भीम.

माझं पत्र आलं म्हणजे काहीतरी घडलं, असं तू नेहमी म्हणतेस. तर घडलं आहे, पण घाबरू नकोस. कोर्टानं माझं लायसन सस्पेंड केलं. ऑक्टोबर संपेपर्यंत.

मागच्या महिन्यात एटापल्लीहून बांबू भरून ट्रक आणत होतो. पिपरटोल्याजवळ मोहाच्या मोठ्या झाडापाशी वळण आहे. तिथे एक गोंडीण डोक्यावर तेंदूपत्त्याचं गाठोडं घेऊन चालली होती. तिला गाडीचा धक्का लागला. कंबर आणि पाय दुखावला. आम्हीच तिला उचलून आणलं, इथून चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. केस झाली. बापूराव मालकांनी वकील दिला, मी गुन्हा कबूल केला, दंड मालकांनीच भरला. विषय मिटला.

आणि बाई, नुकसान काहीच नाही. आता पाऊस लागला. नाले भरले की जंगलातले रस्ते बंद, बांबू बंद, ट्रक ताडपत्रीखाली. दिवाळीपर्यंत आम्ही ड्रायव्हर लोक लायसन खिशात ठेवून पत्तेच खेळतो. यंदा मी बिनलायसनचे पत्ते खेळीन. इथले सगळे मला म्हणतात, "सस्पेंड व्हायचं असन तं पावसाळ्यातच व्हावं लेका!"

खरी गोष्ट पुढे आहे. एस.टी.त ड्रायव्हरची भरती निघाली. मी अर्ज टाकला. नोव्हेंबरात चंद्रपूरला गाडी चालवून दाखवायची आहे. तोवर लायसन परत हातात येईल, आणि इतकी वर्षं ट्रक चालवला असा दाखला मालक देणार आहेत. माझं वय आता काठावर आलं आहे, पुढच्या भरतीत बसणार नाही. झालं तर खाकी कपडे, महिन्याचा पगार, आणि रुखमाला माझी वाट पाहत जागायला नको. पहिल्या फेरीला तुला पुढच्या सीटवर बसवीन.

एक काम कर. त्या बाईचं नाव सोमारी. जमलं तर एकदा बघून ये. माझी बहीण आहेस हे मात्र सांगू नकोस.

भाऊजींना जय भीम.

तुझा श्रावण


चंद्रपूर, २७ जून १९८५

श्रावण,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग हसल्याचा राग आला. बिनलायसनचे पत्ते! एका बाईचं कंबरडं मोडलं आणि तुला गंमत सुचते.

मी गेले होते. बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट. एवढीशी बाई आहे रे, आपल्या आईएवढीसुद्धा नाही. पायाला वजन बांधून टांगलं आहे. अंगात ताप, डोळे उघडे, पण बोलत नाही. नवरा सुकलू सोबत होता. पाऊस आला तसा धान पेरायला गावी गेला आणि आता नाल्यांना पूर, त्यामुळे तिकडेच अडकला असं शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं सांगितलं. म्हणजे तिला पाणी द्यायलाही कोणी नाही. तू म्हणालास एकदा जाऊन ये. मी शिवणयंत्र झाकून रोज जाते आहे. वरण-भात नेला तर तोंड फिरवते. अंबाडीची भाजी नेली तर खाल्ली. नर्सबाईंनी विचारलं तुम्ही कोण, तर म्हणाले जवळच राहते.

आता एक विचारते, रागावू नकोस. तू गाडीला पहिल्यांदा हात लावलास तेव्हापासून तुझ्या हॉर्नची आम्ही थट्टा करतो. रस्त्यावर कुत्रं नसलं तरी वळणावर तू हॉर्न देतोस. मग मोहाच्या वळणावर का नाही दिलास? झोप आली होती का? की लावली होतीस थोडी? खरं लिही. मी तुला मारायला येत नाही.

कमला


अहेरी, ९ जुलै १९८५

बाईस जय भीम.

तू पोलिसांपेक्षा जास्त विचारतेस. दारू मी घेत नाही हे तुला ठाऊक आहे आणि तरी लिहितेस. हॉर्न राहिला असेल. माणसाकडून चूक होते. कोर्टात मी कबूल केलं, आता घरच्या कोर्टातही उभं करू नकोस.

सोमारीला तू जेवू घालतेस हे वाचून बरं वाटलं. ती बोलायला लागली की कळव.

इथे पाऊस सुटता सुटत नाही. पुलावरून पाणी आहे, टपाल दोन-दोन दिवस पलीकडे पडून राहतं. मी रोज ताडपत्री उचलून ट्रकची बॅटरी पाहून येतो, नाहीतर करमत नाही. मालकांचा मुलगा दिवाकर तिथे येऊन बसतो. वरोऱ्याची मुलगी ठरली आहे त्याला. लग्न ठरलेल्या पोरानं हसावं, बोलावं, तर हा मला विडी देतो आणि पायाकडे बघत बसतो.

एस.टी.च्या यादीत माझं नाव लागलं. रुखमानं ऐकल्याबरोबर पोरीला उचलून नाचवलं. खाकी कपडे तूच शिवायचे.

श्रावण


चंद्रपूर, २३ जुलै १९८५

श्रावण,

सोमारी बोलली.

ताप उतरला आहे, कालपासून उशीला टेकून बसते. मोडकं मराठी येतं तिला. मी तिचे केस विंचरत होते. सहज विचारलं, "कसं झालं व माय?" ती म्हणाली, "पोरगा होता गाडीवर. मिशी नाई. हातात घडी चमके. मोठा मानूस बाजूले बसून होता, तो ओरडला, 'दाब, दाब!' मंग मी पडली."

मी विचारलं, मग? म्हणाली, "पोरगा खाली नाई आला. मोठा मानूस आला. त्यानं मले उचललं. लेकरासारखा रडे तो."

फणी माझ्या हातातच राहिली. तुला मिशी आहे, श्रावण. घड्याळ तू कधी बांधलं नाहीस. तो रडणारा माणूस तू होतास. गाडीवर दिवाकर होता ना? म्हणून तो तुझ्यासमोर येऊन बसतो. आणि मी मूर्ख, तुला दारू प्यालास का म्हणून विचारते!

हे केलंस कशासाठी? सोमारी शुद्धीवर आहे, पोलिसांना सांगायलाही तयार आहे. डॉक्टर म्हणतात, जबानी घ्यायची तर आता घ्या, जखम अजून आतून भरलेली नाही. तुझ्या भाऊजींनी चौकशी केली, अर्ज दिला की हवालदार इथे येऊन लिहून घेतील. तुझ्याशिवाय मी पाऊल उचलत नाही. पत्र मिळताच लिही, नाहीतर तार कर.

कमला


अहेरी, ३१ जुलै १९८५

बाई,

खरं ते तुला कळलंच आहे, तर आता लपवत नाही.

दिवाकरला गाडी शिकायची होती. मालक म्हणाले, रिकाम्या रस्त्यावर देत जा त्याच्या हातात. मालकाच्या मुलाला नाही कसं म्हणणार? त्या दिवशी भरल्या गाडीवर बसला. वळण आलं, मी हॉर्न दे म्हणालो, त्याला बटण सापडलं नाही. मी ओरडलो. माझा पाय खालच्या पत्र्यावर इतका आपटला की घोटा सुजला. पण त्या बाजूला ब्रेक नसतो.

आमच्यात रीत आहे, बाई. गाडीवर लायसनवाला एक असेल तर नाव त्याचंच लागतं. लायसन नसणाऱ्याचं नाव लागलं तर तो आत जातो, गाडी अडकते, मालक बुडतो. लायसनवाल्याचं फार तर दोन-चार महिने सस्पेंड होतं. प्रत्येक ड्रायव्हरनं कधी ना कधी कोणाचं तरी अंगावर घेतलं आहे. मालक माझ्या घरी आले, दारात बसले. म्हणाले, "श्रावण, पोराचं लगन मोडन. पावसाळ्यापुरतं हाय. दाखला मी माह्या हातानं लिहून देतो." याच माणसानं मला क्लीनरचा ड्रायव्हर केला. मी हो म्हणालो. मला ते जड वाटलंच नाही.

आता उलटलो तर कोर्टात खोटं बोललो म्हणून मीच अडकेन. दाखला जाईल आणि नोव्हेंबरही जाईल. थांब. एवढा पावसाळा जाऊ दे. एस.टी.त लागलो की सोमारीच्या घरी मी स्वतः जाईन, सगळं सांगेन. तोवर तोंड उघडायचं नाही, तुला माझ्या पोरीची शपथ आहे.

श्रावण


चंद्रपूर, ६ सप्टेंबर १९८५

श्रावण,

तुझं पत्र पुरामुळे पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी हातात पडलं. तोवर मी रोज दारात उभी राहून पोस्टमनला विचारत होते. सोमारीला पुन्हा ताप भरला होता, पण बोलत होती. तुझं पत्र वाचलं आणि थांबले. तू थांब म्हणालास म्हणून थांबले.

नंतर तिला कोणी ओळखू येईना. आठवडाभर तशीच होती. मग गेली.

गावाकडे न्यायला रस्ता नव्हता. दवाखान्यानं किती ठेवायचं? हे, आमच्या गल्लीतली चार माणसं आणि मी, आम्ही तिला इथेच माती दिली. त्यांच्यात काय करतात ते मला ठाऊक नव्हतं. मी एक नवं लुगडं घातलं तिच्यावर आणि अंबाडीची भाजी ठेवली.

सुकलू परवा पोहोचला. पूर ओसरला तसा निघाला होता, कुठे पायी, कुठे डोंग्यात बसून. मी त्याला जागा दाखवली. तो तिथेच उकिडवा बसला. मला राहवलं नाही. तुझी शपथ मोडली मी. सगळं सांगितलं, की गाडीवर मालकाचा पोरगा होता, सोमारीनं स्वतः मला सांगितलं.

त्यानं विचारलं, "तुले कसं मालूम? तू कोन व्हय?"

मी म्हणाले, श्रावणची बहीण.

तो म्हणाला, "म्हनून डबा आनत होती का तू? तिचं तोंड बंद कराले?" आणि उठून गेला. मी मागे धावले, हाका मारल्या. त्यानं मान वळवली नाही.

श्रावण, मी तिला खरंच मायेनं जेवू घातलं रे. आधी तुझ्यासाठी जात होते, नंतर तिच्यासाठी. हे आता मी कोणाला पटवू?

कमला


अहेरी, २५ नोव्हेंबर १९८५

बाईस जय भीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तोंड नव्हतं, म्हणून एवढे दिवस गेले.

सोमारी मेली म्हणून कलम बदललं. नवी केस उभी राहिली. लायसन परत मिळणार होतं, ते आता मिळत नाही. वकिलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, गाडी मी चालवत होतो हे तूच न्यायाधीशासमोर बोललास, ते लिहिलेलं आहे. ते खोडायचं तर दुसरं कोणी पाहिलेलं पाहिजे. पाहणारी एकच होती.

मालकांकडे गेलो. पाय धरले म्हटलं तरी चालेल. त्यांचेही डोळे भरले होते. म्हणाले, "मी काय करू सांग? आठ दिसावर लगन हाय. वरोऱ्याचे लोक दारात येऊन रायले." मग आत जाऊन दाखला घेऊन आले. ते शब्दाला पक्के निघाले, बाई. स्वतःच्या हातानं लिहिला आहे: श्रावण अत्यंत सावध चालक असून त्याच्या हातून आजवर निष्काळजीपणा झालेला नाही. खाली सही, शिक्का.

एस.टी.ची तारीख मागच्या सोमवारी होती. रुखमानं सकाळी माझे कपडे इस्त्री करून ठेवले. मी म्हणालो, लायसन नाही तर जाऊन काय करू? ती म्हणाली, मला ठाऊक आहे, तरी घाला. घातले आणि ओट्यावर बसून राहिलो.

श्रावण


चंद्रपूर, १० एप्रिल १९८६

श्रावण,

हे पत्र तुरुंगात तुझ्या हाती कधी देतात ठाऊक नाही. रुखमा आणि पोर माझ्याकडे पोहोचल्या. पोरीला शाळेत घातलं. रुखमाला काज-बटणाचं काम देते, ती मान वर न करता करते. तिची काळजी करू नकोस.

त्या दिवशी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा मला वाटलं होतं, सगळं सांगितलं की सुटेल. सोमारीचा शब्दन् शब्द सांगितला. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपी तुमचा कोण? मी म्हणाले, भाऊ. मग विचारलं, हे तुम्हाला जुलैत कळलं होतं, बाई जिवंत होती, तेव्हा सांगितलं का नाही? मी तुझ्याकडे पाहिलं. तू खाली बघत होतास. पोरीची शपथ होती असं कोर्टात कसं सांगू? गप्प राहिले. तिथेच सगळं संपलं.

दिवाकर म्हणाला, मी त्या दिवशी घरी होतो. त्याचा आवाज इतका बारीक होता की त्याला पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणाला.

तुझा मला राग आहे, आणि तो जाणार नाही. मालक तुझ्या दारात येऊन बसले त्याला तू भुललास आणि मी तुझ्या शपथेला. पण सुटून आलास की आधी इथे ये. भाकर आहे.

कमला


अहेरी, १८ जानेवारी १९८७

बाईस जय भीम.

सुटल्यावर तुझ्याकडे दोन रात्री राहिलो आणि न सांगता निघालो, त्याची माफी कर. पोरगी मला पाहून रुखमाच्या मागे लपली, ते बघवलं नाही. इथे काम मिळालं की दोघींना घेऊन येईन.

काम मिळालं. लायसन रद्द झालं आहे, पुन्हा मिळालं तरी एस.टी.चं वय निघून गेलं. शिक्षा झालेल्या ड्रायव्हरला दुसरा मालक उभा करत नाही. बापूराव म्हणाले, आपल्याच गाडीवर ये. क्लीनर म्हणून. ज्या जागेवरून सुरुवात केली होती तिथेच. दिवाकरचं लायसन निघालं, तो चालवतो. मी चाकाला दगड लावतो, काच पुसतो, त्याच्या बाजूला बसतो. तो मला अजून श्रावणभाऊ म्हणतो. त्या गोष्टीवर आम्ही कधी बोलत नाही.

तू मागच्या पत्रात विचारलंस, पिपरटोल्याला गेलास का, सुकलूला भेटलास का. म्हणून सांगतो.

एटापल्लीच्या बाजाराला रिकामा ट्रक जातो, तेव्हा वाटेवरच्या गावांची माणसं घेऊन जायची ही इथली जुनी चाल आहे. एस.टी. एकच, तीही भरोशाची नाही. पहिल्या बाजाराला आम्ही टोल्यात थांबलो तर एकही माणूस चढेना. बायका टोपल्या घेऊन उभ्या आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. एक म्हातारी गोंडीत काहीतरी बोलली आणि थुंकली. सुकलू मागे उभा होता. मी खाली उतरलो, त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "सुकलूभाऊ, मी नव्हतो गाडीवर." तो म्हणाला, "तूच बोल्ला ना कोर्टात, मी होतो म्हनून? तवा खोटा होता का आता खोटा हायेस?" मी परत गाडीत येऊन बसलो.

मग दिवाकरनंच तोड काढली. म्हणाला, "भाऊ, बाजाराच्या दिशी तुमी नाल्यापाशी उतरत जा. पुढं पायी या. लोकाईले तरास नको." आता मी नाल्यापाशी उतरतो. गाडी टोल्यात माणसं भरत असते तोवर मी मागच्या पाऊलवाटेनं गावाला वळसा घालतो आणि मोहाच्या झाडापाशी रस्त्याला लागतो. तिथून एटापल्लीपर्यंत पायी. लोक आता आनंदानं चढतात. दिवाकर कोणाकडून काही घेत नाही, म्हणून टोल्यात त्याचं चांगलं नाव आहे. सुकलूला तो केबिनमध्ये बसवतो, माझ्या जागेवर.

पोरगा गाडी बरी चालवायला लागला, बाई. मीच शिकवलं त्याला. वळणाच्या बऱ्याच आधी हॉर्न देतो, गाडी सावकाश करतो, झाडाखाली कोणी आहे का बघतो. हॉर्न ऐकू आला की मी रस्ता सोडतो आणि मोहाच्या बुंध्याला पाठ लावून उभा राहतो. ट्रक माझ्यासमोरून जातो. मग मी चालायला लागतो.

रुखमाला सांग, एवढ्यात येऊ नको.

श्रावण